ध्येयाला जागा लागते

रविवारी सकाळी अंधेरी किंवा मुलुंडच्या एखाद्या सभागृहात जा. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस दिसला, तर पुढच्या तासाभरात एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1953 साली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तुमची आयुष्यातली ध्येयं कागदावर लिहून काढली आहेत का? फक्त 3 टक्के हो म्हणाले. वीस वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा त्या 3 टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्र संपत्तीपेक्षा जास्त भरली. वक्ता इथे थांबतो, पाण्याचा घोट घेतो, आणि सभागृहभर पेनं निघतात.

येलमध्ये अशी पाहणी कधी झालीच नव्हती. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकानं 1996 मध्ये या गोष्टीचा माग काढायचं ठरवलं, तेव्हा ती सांगणारे नामांकित वक्ते एकमेकांकडे बोट दाखवू लागले. यानं ती त्याच्याकडून ऐकलेली, त्यानं तिसऱ्याकडून. विद्यापीठाला विचारलं, तर त्यांच्याकडे तिचा मागमूस नव्हता. तरी गोष्ट मेली नाही. हल्ली ती कधी हार्वर्डच्या नावानं, 1979 साल लावून फिरते. टक्के मात्र तेच राहतात.

वक्त्यांची टिंगल करावी म्हणून हे सांगत नाही. सुट्टीचा दिवस, घरात कामं पडलेली, आणि तरीही जी माणसं तिकीट काढून आयुष्याबद्दल काही ऐकायला येतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हे पुस्तक त्यांच्यासाठीच आहे. माझं भांडण आहे ते त्या गोष्टीतल्या गृहीताशी. माणूस आणि त्याचं ध्येय यांच्यामध्ये फक्त एक कोरा कागद उभा आहे, तो भरला की वाट मोकळी, असं ती गोष्ट सुचवते. येलच्या वसतिगृहात स्वतंत्र खोली, टेबल आणि दिवा असलेल्या मुलाला हे एक वेळ खरं वाटेल. घाटकोपरच्या पंतनगरात पाच माणसांच्या घरात जागा मिळेल तिथे वही उघडणाऱ्या मुलीचा प्रश्न कागदापाशी सुरू होत नाही.

ध्येय ठरवण्याचा उपयोग होतो, याबद्दल मात्र खऱ्या संशोधकांनी पुष्कळ काम केलं आहे. एडविन लॉक यांनी 1968 मध्ये मांडलं, की ‘जमेल तितकं चांगलं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर माणसं जास्त काम करतात. पुढे गॅरी लॅथम यांनी अमेरिकेत लाकडं वाहणाऱ्या ट्रकचालकांवर याचा प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. चालक कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या साधारण 60 टक्केच लाकूड भरत. त्यांना 94 टक्क्यांचं उद्दिष्ट दिलं. पगार वाढवला नाही, बक्षीस ठेवलं नाही. काही महिन्यांत भरणा 90 टक्क्यांच्या घरात गेला आणि कंपनीचा मोठा खर्च वाचला.

हा प्रयोग मला फार आवडतो. आवडतो म्हणूनच तो जरा निरखून पाहावासा वाटतो. त्या चालकांकडे ट्रक होता. रस्ता होता. लाकूड कापून तयार होतं. कमी होता तो फक्त एक आकडा. आकडा मिळाला आणि काम झालं. आपल्याकडे आकड्यांची टंचाई कधीच नव्हती. दहावीला 90 टक्के, सीए एका फटक्यात, पस्तिशीच्या आत वन बीएचके, पंचेचाळिशीच्या आत कर्ज फिटलेलं. उपनगरातल्या कुठल्याही घरात विचारा, आकडे तोंडपाठ असतात. ट्रक कुठून आणायचा, ते सांगणारं कोणी नसतं.

मुंबईचं उपनगर ही काही फार जुनी गोष्ट नाही. महापालिकेची हद्द 1950 मध्ये माहीम-शीवच्या पलीकडे सरकली आणि 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑक्टोबर 1990 रोजी. इथं आलेलं जवळपास प्रत्येक कुटुंब काहीतरी ठरवून आलं. कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी गिरगाव-परळच्या चाळीतली खोली विकून. ‘मुलांना वेगळी खोली मिळेल’ या एका वाक्यावर किती बिऱ्हाडं लोकलच्या नकाशात उत्तरेकडे सरकली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वेगळी खोली सगळ्यांना मिळाली असंही नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269 चं झालं, आता 300 चं. या तिन्ही आकड्यांत स्वयंपाक, टीव्ही, आजीचं अंथरूण, पाहुणा आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बसवायची असतात.

म्हणून उपनगरात ‘अभ्यासिका’ नावाची संस्था जन्माला आली. तिच्याबद्दल आपण फार कमी लिहितो. एखाद्या मंडळाची, नगरसेवकानं बांधून दिलेली, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची, कधी मंदिराच्या मागची. लोखंडी पायांची टेबलं, ट्यूबलाइट, एक पंखा जो फिरतो आणि एक जो फक्त आवाज करतो, भिंतीवर ‘मोबाइल सायलेंट ठेवा’. रात्री अकराच्या पुढेही तिथे मुलं असतात. त्यांची ध्येयं विचारली तर बरीचशी सारखीच निघतील: एमपीएससी, बँक, रेल्वे भरती, सीए. पण ज्या मुलांना खुर्ची मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या पुढच्या वाटचालीत जो फरक पडतो, तो इच्छाशक्तीच्या खात्यावर टाकणं मला लबाडीचं वाटतं. पार्ल्याच्या जुन्या रहिवाशांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांनी 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढलं आणि 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. वस्ती अजून विरळ होती, पण मुलांनी कुठे शिकायचं आणि मोठ्यांनी कुठे जमायचं, याची सोय त्यांनी आधी केली.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: ध्येय गाठण्यासाठी निर्धाराच्या आधी जागा लागते, ठरलेला वेळ लागतो, आणि आपल्याआधी आपल्याला ओळखणारं एखादं माणूस लागतं. हे तीन जमवणं हाच ध्येयाचा निम्मा अभ्यासक्रम. बाकीची पानं या एका वाक्याचा विस्तार आहेत, आणि त्यात सगळ्यात लांब प्रकरण बोरिवलीचं आहे.

बोरिवलीच्या त्या प्रकरणाचा नायक रोहित शर्मा असेल असं तुम्हाला वाटेल. तो आहेच, पण माझं लक्ष त्याचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्यावर आहे. रोहितचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत होते. वडिलांची मिळकत बेताची, म्हणून मुलगा बोरिवलीला आजोबा-काकांकडे वाढला. काकांच्या पैशांवर 1999 मध्ये तो क्रिकेट शिबिरात गेला. तिथे लाड सरांनी त्याला पाहिलं ते ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. आमच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ये, असं त्यांनी सुचवलं. अडचण फीची होती. महिना 275 रुपये. लाड यांनी मुलाखतींतून हा आकडा अनेकदा सांगितला आहे. शर्मा कुटुंबाला तो झेपणारा नव्हता. लाड शाळेच्या चालकांकडे गेले, फी माफ करून घेतली, आणि मुलगा शाळेत आला. पुढे एक दिवस शाळेत शिरताना त्यांना कोणीतरी बॅटनं नॉकिंग करताना दिसलं. बॅट इतकी सरळ येत होती की त्यांनी चौकशी केली. तो त्यांचाच ऑफस्पिनर निघाला. आठव्या क्रमांकावर खेळणाऱ्या या मुलाला त्यांनी सलामीला पाठवलं आणि त्यानं शतक ठोकलं.

आता या मुलानं बाराव्या वर्षी वहीत ध्येय लिहिलं असतं, तर काय लिहिलं असतं? बहुधा ‘भारताचा ऑफस्पिनर’. लिहिलेल्या ध्येयाशी इमान राखून तो आयुष्यभर तेच करत राहिला असता, तर त्याची जिद्द वाखाणण्यासारखी ठरली असती आणि 2014 मध्ये ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध एका डावात 264 धावा मात्र झाल्या नसत्या. त्याच्या बॅटकडे आधी दुसऱ्याच माणसाची नजर गेली. मधल्या वर्षांतही सगळं सरळ घडलेलं नाही. 2007 मध्ये तो भारताकडून खेळला, तरी मायदेशातल्या 2011 च्या विश्वचषक संघात त्याचं नाव नव्हतं. 2013 मध्ये एकदिवसीय सामन्यांत तो पुन्हा सलामीला गेला, आणि तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

शार्दूल ठाकूरची कथा तर जागेचीच आहे. तो पालघरकडचा. शाळेच्या सामन्यात लाड सरांच्या संघाविरुद्धच त्यानं फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही गाजवली. सरांनी बोलावणं धाडलं. वडिलांची हरकत रास्त होती: पालघर ते बोरिवली रोजचा रेल्वेप्रवास, त्यात दहावीचं वर्ष. लाड यांनी पत्नीशी बोलून ठरवलं, मुलगा आमच्या घरी राहील. शार्दूल त्यांच्या घरी राहिला, बोरिवलीच्या शाळेतून खेळला. हॅरिस शील्डच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले तेही याच शाळेकडून. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला त्यानं वॉशिंग्टन सुंदरबरोबर शतकी भागी केली आणि सामना हातातून निसटू दिला नाही. तेव्हा सगळीकडे त्याच्या हिमतीचं कौतुक झालं. ते योग्यच होतं. पण मला त्या दिवशी बोरिवलीच्या एका घरात वाढलेलं जादा ताट आठवत होतं. लाड यांना 2022 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. प्रशिक्षणासाठी मिळाला हे उघड आहे. घरात जागा करून दिल्याबद्दल पुरस्कार द्यायची पद्धत आपल्याकडे अजून सुरू झालेली नाही.

वेळेचं प्रकरण वाचताना काही वाचक नाराज होतील, कारण त्यात ‘पहाटे पाचला उठा’ हा सल्ला नाही. जो माणूस रात्री साडेदहाला कल्याण-कसाऱ्याच्या गर्दीतून किंवा विरार लोकलमधून सुटून घरी येतो, त्याला पाचला उठायला सांगणाऱ्यानं आधी त्याच्याबरोबर आठवडाभर प्रवास करावा. उपनगरात दिवसाचे तास घड्याळ ठरवत नाही, टाइमटेबल ठरवतं. आपण ‘सकाळी भेटू’ म्हणत नाही, ‘सात बावन्नला भेटू’ म्हणतो. हीच सवय मी ध्येयासाठी वापरायला सांगतो.

अंधेरी ते घाटकोपर हा प्रवास एके काळी 340 नंबरच्या बसचा होता. साकीनाक्याला बस अडकली की माणसं खिडकीबाहेर बघत निवृत्तीपर्यंतचे विचार करून घेत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली. सव्वा अकरा किलोमीटरांहून थोडी जास्त लांबी, 12 स्थानकं, 21 मिनिटं. कित्येकांचा रोजचा तास-दीड तास एका दिवसात मोकळा झाला. तो गेला कुठे? ज्यांना विचारावं ते हसतात. थोडा मोबाइलमध्ये गेला, थोडा ऑफिसनं खाल्ला, कारण साहेबांनाही मेट्रो सुरू झाल्याचं कळलं होतं. मोकळा झालेला वेळ आपोआप ध्येयाकडे वळत नाही. त्याला आधीच कुठेतरी बांधून ठेवावं लागतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नेमकं हेच तपासलं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त सुट्टीतच लिहून पाठवा. निम्म्यांना लिहिण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवून द्यायला सांगितलं. त्यांच्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश मुलांनी काम वेळेत केलं. ज्यांनी फक्त ‘करतो’ म्हटलं होतं, त्यांच्यातल्या एक-तृतीयांशांनी. इच्छा दोन्ही गटांची सारखीच होती. ‘इंग्रजी सुधारायचंय’ याऐवजी ‘घाटकोपरला उतरल्यावर, रिक्षाच्या रांगेत लागण्याआधी, फलाटावरच्या बाकावर पंधरा मिनिटं’ असं ठरवणं हास्यास्पद वाटतं. ठरवून बघा. लोकलच्या ग्रुपमध्ये चौथ्या सीटवर टेकून खात्याच्या परीक्षेचे नियम पाठ करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी गोलविट्झरचं नाव ऐकलेलं नाही, पण त्यांचा भाग ठरलेला असतो: बोरिवली ते अंधेरी एक नियम, अंधेरी ते दादर दुसरा.

ध्येय सोडण्यावर एक वेगळं प्रकरण आहे. अशा पुस्तकांत ते सहसा नसतं. मला ते लिहावंसं वाटलं ते गोरेगावमुळे. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. मुलीनं डॉक्टर व्हावं यापेक्षा मोठं ध्येय त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात काय असणार? राष्ट्र सेवा दलाच्या कामात ओढल्या गेल्या आणि तो अभ्यासक्रम त्यांनी अर्ध्यावर सोडला. केशव गोरे यांच्याशी लग्न केलं, गोरेगावला संसार मांडला. पती 1958 मध्ये गेले, पदरात लहान मुलगी. 1961 मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या. हद्द दहिसरपर्यंत वाढून चार वर्षं झाली होती, पण पालिकेचे नळ हद्दीच्या वेगानं सरकले नव्हते. पाण्यासाठी त्यांनी जे केलं, त्यानं त्यांचं ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं. 1972 मध्ये आमदार, 1977 मध्ये खासदार. यातलं कुठलंही पद त्यांच्या विशीतल्या कागदावर नव्हतं.

गंमत अशी, की दुसऱ्या बाजूच्या रेल्वेमार्गावर घाटकोपरमध्ये दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत खाणकामगारांना तपासता तपासता कामगार चळवळीत उतरले आणि 1982 च्या गिरणी संपाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. त्या संपाचं काय झालं आणि त्यांच्या मार्गाबद्दल काय म्हणायचं, यावर मतं टोकाची आहेत. माझंही त्यांच्याशी सगळं जुळत नाही. पण दोन डॉक्टर, एक होऊ घातलेल्या आणि एक झालेले, रुग्णाच्या आजाराचं कारण रुग्णाच्या घरात आणि कामाच्या ठिकाणी आहे हे दिसल्यावर तिकडे वळले. सोडलेल्या ध्येयाला आपण सरसकट अपयश म्हणतो. माझी कसोटी एवढीच आहे: सोडताना माणूस कशापासून तरी पळत होता, की त्याला काही जास्त स्पष्ट दिसलं होतं? पळणाऱ्याला पुढचं ध्येयही लवकरच जड होतं.

मृणालताईंच्या कामातली दुसरी गोष्ट म्हणजे नागरी निवारा परिषद. घर हे उपनगरी माणसाचं सगळ्यात खाजगी ध्येय. बायको झोपल्यावर नवरा एकटाच बेरजा करतो, तो याच ध्येयाच्या. कमाल जमीन धारणेच्या 1976 च्या कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खाजगी बेरजा एकत्र केल्या. अर्ज, पैसे, मोर्चे, न्यायालयं, आणि मधे वर्षानुवर्षं वाट पाहणं. शेवटी गोरेगावात दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. एकट्यानं ज्या जमिनीच्या कुंपणापाशीही कोणी उभं करून घेतलं नसतं, तिथे लोकांनी गृहप्रवेश केला. वैयक्तिक ध्येयांबद्दलच्या पुस्तकात हे का, असं माझ्या एका मित्रानं हस्तलिखित वाचून विचारलं. कारण काही वैयक्तिक ध्येयं एकट्यानं गाठताच येत नाहीत, आणि ती कोणती हे वेळेत ओळखणं हे मोठंच कौशल्य आहे. भिशी लावणाऱ्या आणि बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पिढीगणिक ध्येयं कशी बदलली, त्यावर मी थोडंच लिहिलं आहे. मुलुंड-भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखाने ओळीनं उभे होते आणि ‘कंपनीत कायम होणं’ हे अख्ख्या पिढीचं ध्येय होतं. कायम झालेला माणूस पेढे वाटायचा. आज त्या मार्गावर मॉल आणि टॉवर आहेत. तिथे काम करणाऱ्या मुलाला कायम होणं म्हणजे काय ते माहीत नाही, आणि वडिलांना त्याचं ‘पॅकेज’ कळत नाही. जेवणाच्या टेबलावर दोघं एकमेकांना आळशी समजतात. दोघांनी एकमेकांना आपापल्या पंचविशीतली भीती सांगितली तर निम्मा तंटा मिटेल, असं मला वाटतं. याहून जास्त मला त्यातलं समजत नाही.

एका माणसाला मी मुद्दाम या पुस्तकात प्रकरण दिलेलं नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते. 1959 मध्ये ‘फकिरा’ आली, 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्यासपीठांवर त्यांची दीड दिवसाची शाळा हल्ली वारंवार सांगितली जाते: बघा, शाळा नसतानाही माणूस कुठे पोचला! माझा या वापराला विरोध आहे. 18 जुलै 1969 ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये ते गेले तेव्हा वय 49 सुद्धा पुरं नव्हतं, आणि शेवटचे दिवस हलाखीचे होते. एवढ्या प्रतिभेच्या माणसाला समाज काय देऊ शकला नाही, हा त्या चरित्रातला प्रश्न आहे. तो पुसून तिथे ‘तुम्हीही करू शकता’ लिहिणं मला जमणार नाही. एवढं मात्र नोंदवतो, की तेही एकटे नव्हते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबरचं लाल बावटा कलापथक 1944 पासून त्यांच्यासोबत होतं.

वय झालेल्या वाचकांसाठी शेवटून दुसरं प्रकरण आहे. साठीच्या आसपास ‘आता कसली ध्येयं’ म्हणणारी मंडळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी भरपूर भेटतात, आणि चालता चालता नातवाच्या प्रवेशाबद्दल बोलतात. त्यांनी एकदा जुहूला एसएनडीटी विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारावी. ज्यांच्यामुळे ते विद्यापीठ आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांचं पहिलं ध्येय सतराव्या वर्षी साताऱ्यात मोडलं होतं. परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून डोंगर-घाट तुडवत ते चालत गेले, आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. महिला विद्यापीठाची कल्पना तर त्यांना फारच उशिरा सुचली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कोणीतरी पाठवली होती. ती त्यांनी चाळून बाजूला ठेवून दिली. 1915 च्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आल्यावर, भाषणात काय बोलावं या विचारात असताना, ती पुन्हा हातात आली. 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कर्वे 58 वर्षांचे होते. पुढे ते 104 वर्षं जगले हे त्यांना तेव्हा अर्थातच ठाऊक नव्हतं. बाजूला ठेवलेले कागद वर्षातून एकदा उघडावेत, ही या प्रकरणातली एकमेव सूचना आहे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांना घरात बसायला जागा आहे त्यांनी जागेचं प्रकरण गाळलं तरी चालेल. मात्र शेजारच्या घरात कोणाला खुर्ची हवी आहे का, एवढं बघून ठेवावं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रिकामी ओळ सोडलेली नाही, ‘तुमची पाच ध्येयं इथे लिहा’ असं कुठेही छापलेलं नाही. पहिल्या प्रकरणात घराचा एक साधा नकाशा काढायचा आहे: कोण कुठे झोपतं, टीव्ही किती वाजता बंद होतो, कोणती कडा कोणत्या तासाला मोकळी असते. त्यानंतर आठवड्याचं टाइमटेबल, गाडीच्या वेळांसकट. त्यानंतर एका माणसाचं नाव, ज्याला तुमचं ठरलेलं सांगायचं आहे आणि महिन्यातून एकदा त्याचा हिशेब द्यायचा आहे. ध्येय काय, हा प्रश्न येतो तो याच्याही पुढे. पहिलं प्रकरण घरातली माणसं जागी असताना वाचा. त्यातले निम्मे प्रश्न त्यांनाच विचारायचे आहेत.